भिंतीतली वायर आणि गच्चीवरचं ऊन
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षं एका छपराखाली एकत्र राहणं ही सोपी गोष्ट नाही. त्याबद्दल आधी तुमचं सर्वांचं मनापासून अभिनंदन. सचिवांनी मला सांगितलं, "पुढच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवर सोलर बसवण्याचा ठराव येणार आहे. त्याआधी सभासदांना जरा समजावून सांगा." विजेच्या कामात माझी बत्तीस वर्षं गेली. रत्नागिरी शहरातले फ्लॅट, खेड्यातली कौलारू घरं, आंब्याच्या बागेतले पंप, सगळीकडे हात काळे केले आहेत. तेव्हा भाषण म्हणण्यापेक्षा गप्पा मारतो. मध्येच काही विचारावंसं वाटलं तर जरूर विचारा.

आपला जिल्हा विजेला नवखा नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरतं ते पोफळीला, आपल्या चिपळूण तालुक्यात. गुहागरला दाभोळचा वायूवरचा प्रकल्प, जयगडला कोळशावरचा. मोठमोठे प्रकल्प आपल्या उंबऱ्यावर आहेत. तरीसुद्धा मे महिन्याच्या वळवात दोन ढग गडगडले की आपण मेणबत्ती शोधतो! म्हणून सोलर म्हटलं की माणसं खूश होतात. आपली वीज, आपल्या डोक्यावरची. ती खुशी मला कमी करायची नाही. फक्त आधी भिंतीत आणि जमिनीत काय आहे ते बघू या, गच्चीवर नंतर जाऊ.

भिंत जशी, तशी वायरिंग

कार्यक्रमाच्या आधी तुमच्याच एका सभासदांची मुलगी भेटली. पुण्याला आर्किटेक्चर शिकते. तिनं विचारलं, "काका, परदेशात पेंढ्याच्या गठ्ठ्यांची घरं बांधतात. त्यात वायरिंग कशी करतात? आग नाही लागत?" प्रश्न फार चांगला आहे. त्याच्या उत्तरात आपल्या सगळ्यांच्या कामाची गोष्ट आहे.

ही घरं अमेरिकेतल्या नेब्रास्कात सुरू झाली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर झाड नाही, दगड नाही. गवत मात्र भरपूर. गठ्ठे बांधणारी यंत्रं आली, तेव्हा लोकांनी गठ्ठे विटांसारखे एकावर एक रचले आणि दोन्ही बाजूंनी गिलावा केला. आर्थर नावाच्या गावातलं 1928 सालचं एक चर्च असंच बांधलेलं आहे. आता आगीचं बघा. सुटा पेंढा भसकन पेटतो हे आपल्याला सांगायला नको. पण घट्ट दाबलेल्या गठ्ठ्यात हवा खेळत नाही आणि वरून गिलावा असतो, त्यामुळे तो सहज पेट घेत नाही. खरा शत्रू ओलावा. म्हणून तिथे पाण्याचा नळ शक्यतो त्या भिंतीतून नेत नाहीत. वायर नेतात ती दोन थरांच्या फटीत आत दाबून, म्हणजे उद्या कुणी गिलाव्यात खिळा मारला तरी तो तिच्यापर्यंत पोचू नये. स्विचचा बॉक्स पेंढ्यात कसा टिकणार? लाकडाची अणकुचीदार खुंटी गठ्ठ्यात खोल ठोकतात आणि बॉक्स तिला बसवतात.

सांगायचा मुद्दा एवढाच की वायरमननं आधी भिंत ओळखावी आणि मग हातोडी उचलावी.

आपली भिंत कसली? जांभ्याची. हा दगड सच्छिद्र. उन्हाळ्यात घर गार ठेवतो, पण पावसाळ्यात पाणी पितो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तोही सगळा चार महिन्यांत. पश्चिमेकडची भिंत जुलैत हात लावला तर ओलसर लागते. त्या भिंतीत चर पाडून वायर नेली, पाइपचे जोड नीट चिकटवले नाहीत, तर पाइप ही पाण्याची पन्हळ होते. ते पाणी थेट स्विचबोर्डात उतरतं. "पावसात बोर्डाला मुंग्या येतात," असं लोक सांगतात, तेव्हा आत ओल आहे असं समजायचं. माझा साधा नियम: पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर शक्य तिथे बोर्ड घ्यायचाच नाही, आतल्या भिंतीवर घ्यायचा. आणि पाइप बाहेरून आत येतो तिथे त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. पागोळ्या बाहेर पडाव्यात, घरात नव्हे.

तुमच्यापैकी बहुतेकांचं गावाला घर आहे. तिथे एकदा माळ्यावर चढून बघा. लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली जुनी वायर, तिच्यावर उंदराचे दात, आणि तिच्याच बाजूला गुरांसाठी रचलेला पेंढा. हा मात्र सुटा पेंढा, नेब्रास्कातला दाबलेला नव्हे! गोठ्यात आणि माळ्यावर जिथे पेंढा असतो तिथे वायर अखंड पाइपातूनच न्या, जोड तिथे ठेवू नका, उघडा होल्डर लटकवू नका. गोठ्याला उजेडापुरताच हवा असेल तर लहान पॅनेल, बॅटरी आणि 12 व्होल्टचा एलईडी दिवा पुरतो. कमी व्होल्टेजमुळे गुरांना शॉकची भीती उरत नाही. बॅटरी मात्र पेंढ्यापासून लांब, भिंतीवर उंच ठेवा आणि तिच्या तोंडाशी फ्यूज घाला.

पंचवीस वर्षांपूर्वीचं घर आणि आजचा भार

आता आपल्या इमारतीकडे येऊ. ही बांधली तेव्हा एका फ्लॅटमध्ये काय होतं? चार ट्यूब, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही, मिक्सर, फार तर एक गीझर. त्या हिशेबानं वायर घातली. आज? दोन एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन, आणि खाली पार्किंगमध्ये खिडकीतून सोडलेली स्कूटरच्या चार्जिंगची वायर. हसू नका, येताना मी दोन मोजल्या.

2 किलोवॅटचा गीझर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो. त्याच सर्किटवर तेवढीच इंडक्शन लावली की साडेसतरा. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. वायर एका दिवसात जळत नाही. तिचं प्लास्टिक हळूहळू कडक होतं, तडकतं, आणि सैल स्क्रूपाशी काळं पडतं. प्लग काढल्यावर तो हाताला गरम लागला किंवा बोर्डाचा रंग पिवळा पडला, तर तो इशारा समजा. ढोबळमानानं दिव्या-पंख्यांना दीड, साध्या सॉकेटना अडीच आणि एसी-गीझरला चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घालावी, आणि प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी. एमसीबी पुन्हापुन्हा पडतो म्हणून मोठा बसवून घेणारे लोक मला नेहमी भेटतात. एमसीबी वायरचं रक्षण करतो. वायर तीच ठेवून तो मोठा केला तर रक्षण उरतच नाही.

आता मातीची गोष्ट

आज एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या अंगातून 30 मिलिअँपिअरच्या वर करंट गेला की जिवाला धोका सुरू होतो. 6 अँपिअरचा लहान एमसीबी धरला तरी 6 अँपिअर म्हणजे 6,000 मिलिअँपिअर, त्या धोक्याच्या दोनशे पट. तो पडायची वाट बघत बसलो तर माणूस हातचा जाईल.

मग माणसाला कोण वाचवतं? अर्थिंग आणि आरसीसीबी, ज्याला आपण सवयीनं ईएलसीबी म्हणतो. अर्थिंग म्हणजे मशीनच्या बॉडीत वीज उतरली तर तिला जमिनीत जायला दिलेली सोपी वाट. ही वाट किती सोपी, ते ओहममध्ये मोजतात. घरच्या अर्थिंगचा रोध 5 ओहमच्या आत असावा असं आम्ही बघतो.

आपल्याकडे अडचण इथेच आहे. आपल्या पायाखाली जांभ्याचा सडा. पावसाळ्यात तो भिजलेला असतो, तेव्हा मीटर छान आकडा दाखवतो. मे महिन्यात तोच सडा वाळून खडखडीत होतो आणि आकडा कितीतरी पट चढतो. म्हणून कोकणात अर्थिंग ऑगस्टमध्ये तपासून काही कळत नाही, ते मे महिन्यात तपासायचं.

समजा, मे महिन्यात तुमच्या पंपरूमच्या अर्थिंगचा रोध 20 ओहम झाला. पंपाच्या बॉडीत फेज उतरला. 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. तिथे 16 अँपिअरचा एमसीबी असेल तर तो ढिम्म हलणार नाही. पंप कदाचित चालत राहील, आणि त्याची बॉडी जिवंत राहील. आरसीसीबी असेल तर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सप्लाय तोडेल. नसेल तर?

नसेल तर त्या पंपाला पहिला हात कोणाचा लागतो, याचा विचार करा. माझा नाही, अध्यक्षांचा नाही. पहाटे साडेपाचला पाणी सोडायला जाणाऱ्या वॉचमनचा लागतो. पावसात भिजलेले पाय, खाली ओली फरशी, हातात लोखंडी दाराची कडी. किंवा जिना पुसणाऱ्या ताईंचा लागतो, ज्यांची ओली फडकी जिन्यातल्या बोर्डाच्या खालून फिरते. आपल्या फ्लॅटमधली वायरिंग आपण कधी ना कधी बदलतो, कारण ती आपली असते. पंपरूम, मीटररूम, जिन्यातले दिवे सगळ्यांचे असतात, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. मी आजवर पाहिलेल्या सोसायट्यांमध्ये सर्वांत वाईट वायरिंग कुठे असते असं विचाराल तर एकच उत्तर आहे, पंपरूममध्ये. आणि तिथे रोज जाणारा माणूस सर्वसाधारण सभेत बसत नाही, त्याला मत नाही.

मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची. मीटरच्या पुढची आपली. हे नीट समजून घ्या.

चला, आता गच्चीवर

सोलरचा हिशेब सोपा आहे. 1 किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. जून ते ऑगस्ट कमी, फेब्रुवारी ते मे भरपूर. रत्नागिरी 17 अंश अक्षांशावर आहे, म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण तेवढाच ठेवतात.

समजा, सामायिक मीटरवर पंप, लिफ्ट आणि जिन्याचे दिवे मिळून रोज 28 युनिट जळतात. म्हणजे 7 किलोवॅटची यंत्रणा आणि सातशे चौरस फूट जागा. 2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान ठेवलं आहे, म्हणजे आपल्या उदाहरणात 1,26,000. स्वतंत्र घराला 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78,000. हे गावच्या घरासाठी लक्षात ठेवा. नियम आणि दर बदलत असतात, तेव्हा अर्ज करताना त्या दिवशीचे वाचून घ्या.

नेट मीटरमध्ये दुपारी जास्तीची वीज ग्रिडला जाते आणि बिलात वजा होते. आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेल्या युनिटांना मात्र आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणून गच्ची मोकळी आहे म्हणून भरमसाट पॅनेल लावू नका, लागतील तेवढीच लावा. आणि पंप पहाटेऐवजी अकरा वाजता चालवता आला तर उत्तम. वीज तिथल्या तिथे वापरली जाईल, आणि वॉचमनलाही अंधारात जावं लागणार नाही.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न: लाइट गेली तर सोलर चालेल का? साध्या नेट मीटरच्या यंत्रणेत, नाही. भर दुपारी ऊन असलं तरी नाही. ग्रिड गेलं की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि तो झालाच पाहिजे. आपण वीज सोडत राहिलो तर बाहेर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात ती जाईल. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी उजेड हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. तिचा खर्च वेगळा. माझं मत विचाराल तर बॅटरीवर जिन्याचे दिवे आणि पाण्यासाठी एखादा लहान पंप एवढंच ठेवा. लिफ्टचा मोह नको. आणि जनरेटर असेल तर त्याचा आणि सोलरचा सप्लाय एकत्र येणार नाही, अशी पक्की सोय करून घ्या.

गच्चीवरच्या विजेचा स्वभावही वेगळा आहे. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. पॅनेलची डीसी वीज शून्यावर येतच नाही, सैल जोडात ठिणगी पडली तर ती जळत राहते. आठ-दहा पॅनेल एकापुढे एक जोडली की चारशे-पाचशे व्होल्ट होतात. आणि सूर्याला स्विच नाही! ऊन आहे तोवर त्या वायरीत वीज आहे. म्हणून सोलरचीच खास डीसी केबल, एकाच कंपनीचे जोड, आणि केबल गच्चीवर लोळत न ठेवता पाइपातून न्यायची. मुलांनो, पतंग पॅनेलवर अडकला तर काढायला जायचं नाही. मोठ्यांना सांगायचं.

समुद्र जवळ, खारी हवा. साधा रंगवलेला लोखंडी सांगाडा चार पावसाळ्यांत गंजतो. गरम जस्तात बुडवलेलं लोखंड किंवा ॲल्युमिनियम घ्या, आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. गच्चीचा स्लॅब छेदून सांगाडा बसवू देऊ नका, नाहीतर पहिल्याच पावसात वरच्या मजल्यावरचे सभासद तुम्हाला विचारतील. काँक्रीटचे ठोकळे करून त्यावर बसवा. पत्र्याची शेड असेल तर तिच्यावर बसवता येतं, पण एक पॅनेल पंचवीस किलोच्या पुढे असतं आणि वाऱ्याचा जोर वेगळा. शेड त्यासाठी तपासून घ्या. पाण्याच्या टाकीची आणि माडाची सावली बघा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी उत्पादन चांगलंच घटतं. पावसाळा संपल्यावर शेवाळ आणि उन्हाळ्यात लाल धूळ धुऊन काढा, तेही सकाळी पॅनेल गार असताना.

आणि शेवटी पुन्हा मातीच. सोलर बसवताना वीजरोधक, डीसी बाजू आणि एसी बाजू अशी तीन अर्थिंग घालतात. ती तिन्ही त्याच सड्यात उतरतात. आपल्याकडे विजांचा कडकडाट होतो तो वळवाच्या दिवसांत, म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असते नेमकी तेव्हा. नवी पॅनेल जुन्या, वाळलेल्या अर्थिंगवर जोडली तर गच्चीवर आपण धोका आणून ठेवला, एवढंच होईल.

सभेसाठी माझी विनंती

पॅनेलच्या उत्पादनाची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते. म्हणजे तुम्ही येत्या सभेत जो ठराव कराल तो सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवापर्यंत टिकणार आहे. म्हणून चार गोष्टी सुचवतो.

एक, सोलरच्या ठरावाआधी मीटररूम, पंपरूम आणि जिन्याच्या वायरिंगची परवानाधारक ठेकेदाराकडून तपासणी करून लेखी अहवाल घ्या.

दोन, पंप आणि जिन्याच्या सप्लायवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. घरोघरी असेल तर महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबा. पडला तर ठीक, नाही पडला तर बदला.

तीन, दर मे महिन्यात अर्थिंग मोजून आकडा नोटीस बोर्डवर लावा. पाण्याची टाकी धुतल्याची तारीख लावता, तसाच.

चार, चार्जिंगसाठी पार्किंगमध्ये स्वतंत्र, मीटर लावलेले पॉइंट द्या. खिडकीतल्या वायरी त्या दिवशीच बंद करा.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींचा खर्च सोलरच्या खर्चाच्या मानानं किरकोळ आहे. पण त्यांचं उद्घाटन होत नाही, फोटो निघत नाही, म्हणून त्या मागे पडतात. तुमच्या सोसायटीत त्या मागे पडू नयेत. ठराव लिहिताना पहिलं कलम जमिनीतल्या अर्थिंगचं लिहा आणि दुसरं गच्चीवरच्या पॅनेलचं. मग सोलर जरूर बसवा, थाटात बसवा, आणि मला पेढे खायला बोलवा.